डाव्या बाजूचा रकाना

"अहो मॅडम, ती मूठ बघा की आधी! कागुद काय पळून चाललाय व्हय?"

शेवंताबाई ओरडत होत्या. दाराबाहेरच्या बाकावरून, आणि आवाज असा की मुळा नदीच्या पलीकडे औंधात कुणी भाजी घेत असेल तर त्यानेही आपली मूठ उघडून पाहिली असेल. आत सतरंजीवर मी, माझ्यासमोर सात महिन्यांची ईश्वरी, तिच्या पुढ्यात लाल ठोकळा आणि माझ्या मांडीवर तो कागद. मी दाराकडे न बघताच म्हणाले, "मावशी, आत फक्त आईबाप. बाहेरून सूचना नकोत." बाहेरची रांग हसली. मीही हसले. ईश्वरीने उजवा हात पुढे केला, ठोकळा उचलला आणि थेट तोंडात घातला. मी कागदावर बरोबरची खूण केली.

लिहायचं आहे ते त्या खुणेबद्दल. पण संपादकांनी माझ्याकडून मागितले आहेत गमतीदार किस्से, तेव्हा आधी त्यांचं मन राखते.

मी फिजिओथेरपिस्ट. आमच्या भागात हा शब्द कुणी शेवटपर्यंत उच्चारत नाही, मी 'व्यायामवाल्या मॅडम'. दापोडी आणि सांगवीच्या मधल्या एका धर्मादाय दवाखान्यात तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली माझी होती. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या लोकांची तान्ही बाळं तिथे यायची. बाळ मान धरतंय का, बसतंय का, त्याचे हातपाय आणि हातपाय चालवणारा मेंदू वयाच्या मानाने पुढे सरकतोय का, हे पाहायचं माझं काम. माझ्या रबरी हातोडीने मी इतके गुडघे ठोकले की ते एकाला एक लावले तर निगडीपासून दापोडीपर्यंत रांग लागेल. एका पठ्ठ्याने हातोडी लागताच अशी लाथ झाडली की मोठ्या डॉक्टरांचा चष्मा खिडकीतून उडून बसच्या टपावर पडला आणि भोसरीला उतरला. माझे यजमान म्हणतात, ही वाढवून सांगते. वाढवते. तीस वर्षं रडणाऱ्या पोरांपुढे खुळखुळा वाजवला की माणसाचा आवाज आणि गोष्ट, दोन्ही आपोआप मोठे होतात.

तर बाळाची वाढ तपासायच्या आमच्याकडे तीन तऱ्हा होत्या.

पहिली, तक्ता. छापील प्रश्नांचा कागद. अमुक महिन्यांत पालथं पडतं का, ठोकळा उचलतं का, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेतं का. काही करवून बघायचं, काही आईबापांना विचारायचं आणि खुणा करायच्या. झटपट होतं, कुणालाही शिकवता येतं. पण तक्ता बिचारा जे विचारायचं तेवढंच विचारतो. दीड वर्षाचा एक मुलगा ठोकळे रचेना. ठोकळ्याकडे असा बघायचा जसा मी मोबाइलच्या बिलाकडे बघते. मी 'नाही'वर खूण करणार, इतक्यात त्याची आजी म्हणाली की याने असलं काही घरात पाहिलेलंच नाही, वाट्या द्या. कॅन्टीनमधून स्टीलच्या वाट्या मागवल्या. पठ्ठ्याने सात रचल्या, आठवी मागितली, आणि कॅन्टीनवाला वाट्या परत न्यायला आला तर त्याच्या अंगावर धावून गेला.

दुसरी तऱ्हा हाताची. बाळाला दोन्ही हात धरून उठवायचं, मान मागे पडते का बघायचं. पोटाखाली तळवा घालून हवेत धरायचं. कोपर, मांडी, घोटा किती वाकतो ते मोजायचं. अंग ढिलं आहे की ताठ, हे मोजपट्टीच्याही आधी बोटांना कळतं. यात डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजायची आणि कागदावर दोन रकान्यांत वेगवेगळी लिहायची. हा नियम ध्यानात ठेवा.

तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड, कारण तीत काहीच करायचं नसतं. बाळाला सतरंजीवर ठेवायचं आणि हात न लावता, न बोलता बघायचं. सोबत फोनवर चित्रण. आपणहून हलणाऱ्या बाळाचे हातपाय खूप काही सांगतात. मला हे कधी नीट जमलं नाही. गप्प बसणं माझ्या शिक्षणात नव्हतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा वाटलं की यातली कुठली तऱ्हा जास्त भरवशाची ते ठरवावं. म्हणून वर्षभर प्रत्येक बाळाला तिन्ही तऱ्हांनी तपासायचं, निकाल शेजारी शेजारी मांडायचे आणि अहवाल लिहायचा. काम माझ्याकडे. मी एवढी फुगले की खोलीच्या दारातून आडवं जावं लागायचं. परीक्षा घेणारी मी, पेपर तपासणारी मी, निकाल लावणारीही मीच.

त्या वर्षी ईश्वरी आली.

तिचा बाप बालाजी, मूळचा लातूरकडचा. चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. आलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, आकडा लिहायचा, पुढचा घ्यायचा. आठ तास हेच. खोलीत आल्या आल्या त्याने माझा लाल ठोकळा उचलला, डोळ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा काटकोनात नाही." मी म्हटलं, बाळ काटकोनात असलं म्हणजे झालं. त्याची बायको पल्लवी हसली. ती फार बोलायची नाही. पिंपळे गुरवला एका खोलीत संसार, आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला शेवंताबाई. या तिथल्या जुन्या गावातल्या. पाटावर बसून पाय लांब सोडायच्या, पायांवर बाळ घ्यायच्या आणि तेलाने असं रगडायच्या की बाळ आधी टाहो फोडायचं आणि मग सरळ चार तास झोपायचं. अशी तीन पिढ्यांची पोरं त्यांच्या पायांवरून गेलेली.

बालाजीने कंपनीत एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. ऑडिट येणार म्हटलं की तयारी करायची. फरशीवर पिवळ्या पट्ट्या नव्याने मारायच्या, विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं पाठ करायची. त्याच्या लाइनवरच्या एकाचं पोरगं माझ्याकडे येऊन गेलेलं. बालाजीने त्याच्याकडून माझ्या तक्त्याचा फोटो मिळवला, फ्रिजवर चिकटवला आणि दोन आठवडे लेकीची रोज तयारी करून घेतली. हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आता इथून पुढे मी वाढवून लिहिणार नाही.

थंडीचे दिवस होते, रांग मोठी होती. तक्त्यात प्रश्न आला, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेते का. ईश्वरी काही करून दाखवेना. बालाजी म्हणाला, "घरी घेते की." मी खूण केली. नंतर हाताची तपासणी. उठवून बसवलं, मान छान. उजवं कोपर मोजलं, उजवं मनगट, उजवा घोटा, आकडे लिहिले. बाहेर कुणाचं तरी बाळ किंचाळत होतं. मुलगी हसरी, तक्ता पूर्ण भरलेला, आकडे उत्तम. डाव्या बाजूच्या रकान्यात मी पहिल्या ओळीला लिहिलं 'डिट्टो'. खाली तशाच खुणा ओढत गेले. डाव्या हाताला माझा हात लागला नाही.

मग चित्रण. बालाजी खुळखुळा घेऊन तिच्या उजव्या अंगाला उभा राहिला, मी राहू दिलं. ती तीन मिनिटं उजवीकडे झेपावत राहिली. डाव्या हातावर स्वेटरची बाही पार बोटांपर्यंत आली होती. ती मी मागे सारली नाही.

प्रत्येक वेळी तिने उजवा हात पुढे केला आणि प्रत्येक वेळी आम्हाला कौतुक वाटलं. आपल्याकडे डावखुरं पोर निघालं की घरात चर्चा होते, उजव्या हाताने घेणारं निघालं की गुणाचं. मी पल्लवीला म्हणाले, "बघा, आत्तापासून प्रसादाला उजवा हात." हे मी बोलले, जिला शिकवलेलं होतं की वर्षाच्या आतल्या बाळाला उजवं-डावं नसतं. ते दोन्ही हात सारखेच चालवतं. सात महिन्यांचं बाळ एकच हात पुढे करत असेल तर तो हात हुशार आहे असं नाही, दुसऱ्या हाताचं काय झालंय ते बघावं लागतं. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी पानभर उत्तर लिहिलं असतं.

दुपारी चहाच्या टपरीपाशी शेवंताबाईंनी मला गाठलं. आता आवाज खाली होता. म्हणाल्या, तेल लावलं की उजवी मूठ उमलते, डावी उमलत न्हाई. अंगठा आत धरून बसते. बोटं उकलावी लागत्यात आणि रोज आत लोकरीचा मळ सापडतो, घामाने आंबलेला. "आमी काय शिकलेलं न्हाई. पर हाताला कळतं."

मी म्हणाले, "मावशी, तिला एका नाही, तीन-तीन पद्धतींनी तपासलंय. तिन्हींचा निकाल एकच आला."

त्या म्हणाल्या, "तिन्हीबी तुमीच केल्या न्हवं?"

आणि दुपट्याची पिशवी उचलून स्टॉपकडे गेल्या.

अहवालात मी लिहिलं की तिन्ही पद्धतींत उत्तम मेळ आढळला. मेळ असणारच. पहिल्या कागदाने मला सांगून ठेवलं होतं की मुलगी छान आहे, पुढच्या दोन्हींत मी तेवढंच शोधलं. तुलना करायची तर तीन माणसं हवीत आणि एकाला दुसऱ्याचा निकाल माहीत नको, एवढी साधी गोष्ट. खरं तर चौथीही तऱ्हा होती आणि ती रोज त्या बाळाच्या अंगाला तेल लावत होती. तिच्यासाठी माझ्या अहवालात रकाना नव्हता. अहवालाला शाबासकी मिळाली. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना सामोसे दिले.

बालाजीला मी सांगितलं होतं, आता चालायला लागल्यावरच आणा. तो सोळाव्या महिन्यात तिला घेऊन आला, कारण ती बोट धरल्याशिवाय पाऊल टाकत नव्हती. तेव्हा आमच्याकडे एक तरुण डॉक्टर नवी आली होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिने ईश्वरीला व्हरांड्यातच पाहिलं. डावी टाच टेकत नव्हती, डावं कोपर पोटाशी दुमडलेलं. तिने माझा तोच लाल ठोकळा ईश्वरीच्या पुढे धरला. ईश्वरीने उजव्या हाताने घेतला. मग दुसरा ठोकळा पुढे केला. ईश्वरीने पहिला खाली ठेवला आणि त्याच हाताने दुसरा घेतला. तिसरा दाखवला, पुन्हा तेच. अर्धं मिनिट लागलं असेल. माझ्याकडे ठोकळे होते, सतरंजी होती, अर्धं मिनिटही होतं.

मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला जुनी इजा, जन्माच्या आसपासची. ती कुणामुळे झाली नव्हती, माझ्यामुळेही नाही. पण पहिल्या वर्षात मेंदू ओल्या मातीसारखा असतो. जो हात वापरला जात नाही, त्याचा त्याला विसर पडतो. आम्ही सातव्या महिन्यात त्या हाताला कामाला लावलं असतं तर तो कितपत सुधारला असता हे कुणीच छातीठोक सांगणार नाही. आजच्यापेक्षा बरा असता, एवढं मी सांगते. नऊ महिने माझ्यामुळे गेले.

फोटोचा निकाल आला त्या सकाळी मी जुनी फाइल काढली. डाव्या बाजूचा रकाना पाहिला. कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

दुपारी बालाजी समोर बसला होता. म्हणाला, "मॅडम, या हातातनं त्या हातात घेते म्हणून मीच सांगितलं. घेत नव्हती ती. मी दोन आठवडे शिकवायलो, जमंना झालं, मग ऑडिटला सांगतो तसं सांगून टाकलं." पल्लवी खाली बघत होती. म्हणजे घरात हे आधीच बोलून झालेलं होतं.

पर्स माझ्या मांडीवर होती. बोलायला तेवढीच वेळ योग्य होती. मी म्हणाले, "जाऊ द्या बालाजी, आता मागचं काढून काय उपयोग." त्याला वाटलं मी त्याला माफ केलं. उठताना तो माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.

मग आम्ही कामाला लागलो. चांगल्या हातावर मोजा चढवायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. दिवसातून दोन तास. ईश्वरी मोजा दाताने ओढून काढायची. खरा त्रास आजूबाजूच्यांचा. लेकराला डाव्या हाताने खायला लावतात म्हणून लातूरहून आजीचे फोन. तेव्हा शेवंताबाईच उभ्या राहिल्या. तेल लावून बोटं उकलायच्या आणि डाव्या तळव्यावर गूळ ठेवायच्या. गणपतीत गल्लीतल्या मंडळात त्यांनी प्रसादासाठी तिचा डावा हात पुढे केला. आरती करणारे काका म्हणाले, उजवा घे बाळा. शेवंताबाई म्हणाल्या, "ह्यो बी त्यानंच दिलाय. त्याला चालंल, तुमी घाला." काकांनी घातला. मला त्यांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द ऐकवला नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं. मी वाट बघत होते.

आणि मी काय केलं? मी गोष्ट केली. 'ऑडिटवाला बाप.' हळदीकुंकवाला सांगितली, शिबिरात सांगितली, नव्या पोरींना शिकवताना सांगितली. फ्रिजवरचा तक्ता, उजव्या अंगाला उभं राहून वाजवलेला खुळखुळा, 'घरी घेते की' हा त्याचा आवाज, सगळं नकलेसकट. लोक डोळे पुसायचे हसून हसून. शेवटी मी गंभीर चेहरा करून म्हणायचे की म्हणून पालकांच्या शब्दावर विसंबू नका. गोष्टीत डावा रकाना कधी आला नाही. सारखी सांगून सांगून माझाही तिच्यावर विश्वास बसला होता.

निवृत्तीच्या समारंभात मला बोलायला उभं केलं. हॉल भरलेला. मी चष्म्याचा किस्सा सांगितला, वाट्यांचा सांगितला, आणि रंगात येऊन 'ऑडिटवाला बाप'ही सांगितला. नाव घेतलं नाही. खुळखुळ्याची नक्कल केली तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला. त्या हशात मला शेवटच्या रांगेत बालाजी दिसला. दवाखान्याने जुन्या पेशंटांना बोलावलं होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तो हसत होता. तोंडावर हात धरून, मान हलवत, बाकीच्यांसारखाच. शेजारी ईश्वरी, सात वर्षांची, दोन वेण्या, माझ्यासाठी आणलेला पेढ्यांचा बॉक्स घेऊन. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवता येईनात म्हणून तिने बॉक्स डाव्या मनगटाने पोटाशी दाबला आणि उजव्या हाताने मांडीवर थापा मारल्या.

पुढचं मी काय बोलले ते मला आठवत नाही. म्हणे, छान बोलले.

पुढच्या रविवारी तो कागद पर्समध्ये घालून पिंपळे गुरवला गेले. आता दोन खोल्या आहेत. ईश्वरी गृहपाठ करत होती. डाव्या मनगटाने वही दाबून धरलेली, उजव्या हाताने अक्षर सुरेख. वेणी तिची तिला घालता येत नाही, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. वही सरकत नाही, एवढी मजल आम्ही मारली. पल्लवीने चहा टाकला. बालाजीने समारंभाचं कौतुक केलं, म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझी नक्कल लई भारी करता."

मी कागद काढून त्याच्या हातात दिला. तो कागद घेऊन खिडकीपाशी गेला, उजेडात. बोट लावून वरून खाली वाचत आला. उजवा रकाना, प्रत्येक आकड्यावर थांबत. मग डावा.

"हे काय लिहिलंय?"

मी सांगितलं. डिट्टो. म्हणजे उजव्यासारखंच. डावा हात मी मोजलाच नव्हता. तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. हा कागद इतकी वर्षं माझ्या घरी होता. चूक तुमची नव्हती, हे मला त्या दुपारीच माहीत होतं.

ओट्यापाशी पल्लवीचा हात थांबला. ईश्वरीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली. बालाजीने कागद जुन्या घडीवरच दुमडला, अंगठ्याने घडी दाबली आणि माझ्यापुढे धरला.

"आमच्याकडं डिट्टो चालत नाही," तो म्हणाला.